क्रूझची सहल न घेता पाहिलेले जॉर्जटाउन

सिंगापूरहून निघालेली क्रूझ मलेशियातल्या पेनांग बेटाला थांबते तेव्हा ती स्वेटनहॅम पियर या धक्क्याला लागते, आणि हा धक्का जॉर्जटाउनच्या जुन्या वस्तीला इतका खेटून आहे की फाटकाबाहेर पडून थोडे चालले की शहर सुरू होते. पोर्ट क्लांग या बंदरावर उतरून क्वालालंपूर पाहायचे तर निम्मा दिवस बसमध्ये जातो, त्यामुळे तिथे जहाजाची सहल घेण्यात अर्थ आहे. पेनांगमध्ये तोच खर्च मला अनाठायी वाटला, म्हणून आम्ही दोघांनी आपले आपणच फिरायचे ठरवले.

आपले आपण फिरण्यात जोखीम एकच असते. जहाजाच्या अधिकृत सहलीची बस अडकली तर जहाज थांबते, पण स्वतंत्रपणे गेलेल्या प्रवाशासाठी ते थांबत नाही. त्यामुळे मी दिवसाची आखणी उलटी केली: सर्वांत लांबचे ठिकाण आधी आणि धक्क्याजवळचे शेवटी, म्हणजे घड्याळाचा काटा पुढे सरकेल तसतसे आपणही जहाजाच्या जवळ येत जातो. याच हिशेबात पेनांग हिलला काट मारली. 833 मीटर उंचीच्या त्या डोंगरावर 1923 पासून केबलने ओढली जाणारी रेल्वे चालते आणि ती पाहण्याचा मोह मलाही होताच, पण तिथली रांग किती लांब असेल हे आधी सांगता येत नाही.

ग्रॅब या ॲपवरून टॅक्सी करून आम्ही थेट खू कोंग्सीला पोहोचलो. खू कुळातल्या चिनी व्यापाऱ्यांचे हे कुलमंदिर आहे. 1901 मध्ये बांधून होताच ते आगीत भस्मसात झाले, आणि त्याचा थाट सम्राटाच्या राजवाड्याशी बरोबरी करणारा असल्यामुळे देव कोपले, असे लोकांनी मानले. मग 1906 पर्यंत ते पुन्हा उभारले गेले ते थोड्या साध्या रूपात. हे साधे रूप म्हणजे छताच्या कडेकडेने फुले, पक्षी, योद्धे आणि घोडेस्वार यांची अशी दाटी की मान अवघडेपर्यंत वर पाहत राहावे. जळालेले मंदिर कसे असेल याची कल्पनाच केलेली बरी.

तिथून जवळच आर्मेनियन स्ट्रीटवर 2012 मध्ये लिथुआनियन चित्रकार अर्नेस्ट झाकारेविच याने भिंतीवर रंगवलेली सायकलवरची दोन मुले आहेत. मुले रंगवलेली आहेत, सायकल मात्र खरीखुरी, भिंतीला टेकवून ठेवलेली. तिच्यासमोर फोटोसाठी एवढी गर्दी होती की आम्ही दुरूनच पाहून पुढे निघालो. मला त्या चित्रापेक्षा दुकानांपुढच्या ओसऱ्या जास्त आवडल्या. वरचा मजला पुढे काढून त्याखाली पादचाऱ्यांसाठी सुमारे पाच फूट रुंदीची सावलीची वाट ठेवण्याची इथली जुनी रीत आहे, आणि भर दुपारी किंवा अचानक आलेल्या सरीत तिचे मोल कळते. मध्येच कोणाची मोटारसायकल आडवी लावलेली असते, तर उंबऱ्याशी लाल देव्हारे आणि त्यापुढे धुमसणाऱ्या उदबत्त्या असतात, तेवढ्यापुरते रस्त्यावर उतरावे लागते.

1801 मध्ये भारतीय मुस्लिम व्यापाऱ्यांनी स्थापन केलेली कपितान केलिंग मशीद, 1833 चे श्री महामरिअम्मन मंदिर, क्वान यिन देवीचे मंदिर आणि 1818 चे सेंट जॉर्ज चर्च ही चारही ठिकाणे एकमेकांपासून काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. मरिअम्मन मंदिराभोवती लिटल इंडिया पसरले आहे. शाकाहारी माणसाची जेवणाची सोय इथेच पाहावी, कारण बाहेर ती सहजासहजी होत नाही. आम्ही केळीच्या पानावर भात, सांबार आणि दोन भाज्या जेवलो. मांसाहारी असाल तर नासी कंदार सोडू नका. एकेकाळी तमिळ मुस्लिम विक्रेते खांद्यावरच्या कावडीत भात आणि रस्से घेऊन बंदरावर फिरत, त्यातून आलेला हा पदार्थ आहे. जेवणानंतर चेंडोल घेतले: किसलेल्या बर्फावर नारळाचे दूध, ताडगुळाचा पाक, राजमा आणि तांदळाच्या पिठाच्या हिरव्या शेवया. फालुद्याचा हा लांबचा भाऊ मला फालुद्यापेक्षा सरस वाटला.

शेवटचा तास फोर्ट कॉर्नवॉलिससाठी राखला होता. 1786 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीसाठी फ्रान्सिस लाइटने बेट ताब्यात घेतले तेव्हा इथे लाकडी कुंपण होते. आजचा विटांचा कोट नंतरचा आहे आणि त्यासाठी हिंदुस्थानातून आणलेले कैदी राबले. सिंधुदुर्ग, रायगड पाहिलेल्या माणसाला हा किल्ला एखाद्या वाड्याच्या कोटासारखा ठेंगणा वाटतो, आणि त्याने कधी लढाईही पाहिली नाही. तरीही श्री रंबाई ही सतराव्या शतकातली डच तोफ पाहावी. मूल व्हावे म्हणून बायका तिच्यावर फुले वाहतात, अशी इथली श्रद्धा आहे.

किल्ल्यालगतच व्हिक्टोरिया राणीचा घड्याळ-मनोरा आहे. राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली म्हणून चिया चेन योक या धनिकाने तो वर्षाला एक फूट या हिशेबाने साठ फुटांचा बांधायला दिला. तो पुरा झाला तोवर राणी निवर्तली होती. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांपासून तो किंचित कलला आहे, आणि नीट पाहिले तर तो कल डोळ्यांना जाणवतो.

इथून धक्का काही मिनिटांवर आहे. तरीही सुरक्षा तपासणीची रांग धरून, जहाजावर परतण्याच्या वेळेच्या निदान तासभर आधी फाटकात असावे. ज्यांना पेनांग हिल पाहायचीच असेल त्यांनी मात्र जहाजाची सहल घ्यावी, म्हणजे रांगेची चिंता आयोजकांवर सोडता येते.