गादीतले गोळे

दिवाळी झाली की गाद्या गच्चीत. आमच्याकडे याला कॅलेंडर लागत नाही, आईच्या कमरेला कळतं. तर परवा दुपारी मी डाव्या खांद्याखाली गेली तीन वर्षं टोचणाऱ्या त्या एका गोळ्याला बुक्क्या मारत बसले होते आणि बुक्की जरा जास्तच बसली, खोळीचा टाका उसवला आणि आतून मूठभर कापूस बाहेर आला. उन्हात वाऱ्यावर थोडा उडाला, थोडा गच्चीच्या कठड्याला चिकटला. आणि मला एकदम माझ्या फोनचा वॉलपेपर आठवला.

वॉलपेपरवर एम ३३ आहे. त्रिकोण तारकासमूहातली सर्पिल दीर्घिका, म्हणजे गॅलेक्सी, इथून साधारण २७ लाख प्रकाशवर्षांवर, म्हणजे दीर्घिकांच्या हिशोबात बाजूच्या वाड्यातली. २०१९ मध्ये हबल दुर्बिणीने टिपलेले ५४ तुकडे जोडून तिचा एक फोटो केला होता, साडेसहासष्ट कोटी पिक्सेलचा, तो मी डाउनलोड करून करून थकले आणि शेवटी त्याचा टीचभर तुकडा फोनवर लावून समाधान मानलं. सर्पिल म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर चकलीसारखे रेखीव वेढे येतात, पण हिचे तसे नाहीतच. हिचे हात म्हणजे कुणीतरी कापूस पिंजता पिंजता अर्ध्यात सोडून चहाला गेलंय असे. पुंजके पुंजके. इंग्रजीत अशा दीर्घिकांना चक्क लोकरी पुंजक्यांवरूनच नाव दिलंय, म्हणजे तिकडेही गादीचा त्रास असणारं कुणीतरी होतंच.

आमच्या आजोळी पिंजारी यायचा. खांद्यावर धनुकली, हातात लाकडी ठोकळा, नाकातोंडाला फडकं. अंगणात गादी उसवायची, काळपट गोळे बाहेर काढायचे आणि मग तार त्या कापसात घालून टंय् टंय् टंय् सुरू. तो आवाज कानात नाही, पोटात वाजतो. आजी मला ओट्यावर बसवायची, "लक्ष ठेव गं, चांगला कापूस काढून घेतात." मी आपली पूर्ण इमानदारीत लक्ष ठेवायचे, पण कापसावर नाही, उन्हाच्या तिरिपीत तरंगणाऱ्या तुसांवर. तासाभरात त्या चार गोळ्यांचा एवढा मोठा ढीग व्हायचा की त्यात उडी मारावीशी वाटायची (मारली, एकदाच, पाठीत धपाटा बसला). आजीला दरवर्षी वाटायचं कापूस वाढला. तो बिचारा दरवर्षी सांगायचा, "माय, वजन तेवढंच हाय, फुगलाय निस्ता."

आणि गंमत म्हणजे दीर्घिकेत नेमकं याच्या उलट चालतं. तिथे पिंजलेलं आधीपासूनच असतं. हायड्रोजन वायू आणि थोडी धूळ, इतकं विरळ की आपण इथे पंप लावून निर्वात म्हणतो तेसुद्धा त्यापुढे गच्च. त्यात कुठेतरी गारठलेल्या, दाट ढगात गोळा व्हायला लागतो, गोळा झाला की तो स्वतःच्याच वजनाने आणखी ओढून घेतो, आत दाब वाढतो, तापतो, आणि पुरेसा तापला की हायड्रोजनचं हेलियम व्हायला लागतं. झाला तारा. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी गादीला बुक्क्या मारतेय त्याच गोष्टीसाठी तिकडे विश्व आसुसलेलं असतं.

एम ३३ तशी लहान. व्यास साधारण ६०,००० प्रकाशवर्षं, शेजारच्या देवयानी दीर्घिकेसमोर किरकोळच, पण तारे करण्याचा हुरूप आकाराच्या मानाने देवयानीपेक्षा जास्त. तिच्या एका हातात एनजीसी ६०४ नावाचा तेजोमेघ आहे. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने तो ११ सप्टेंबर १७८४ ला पाहिला, म्हणजे लाखो प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेच्या पोटातला एक ढग या बाबाला त्या काळी वेगळा दिसला. आहेच तेवढा दांडगा. जवळजवळ १,५०० प्रकाशवर्षं पसरलेला, आत २०० हून जास्त तापट, वजनदार, कोवळे तारे. आपला मृगातला तेजोमेघ, ज्याच्याकडे बघून आपण "आहाहा" करतो, तो या मापात कुठेच नाही. एनजीसी ६०४ जर मृगाच्या तेजोमेघाच्या जागी आणून ठेवला तर तो शुक्रापेक्षा तेजस्वी दिसेल म्हणतात. रात्री गच्चीत सावली पडेल, आणि सोसायटीत कुणीतरी हॅलोजन कोणी लावलाय म्हणून मेसेज टाकेल.

पण खरी मजा पुढेच. हे वजनदार तारे जन्मले की स्वतःच पिंजारी होतात. त्यांचे अतिनील किरण आणि अंगातून सुटणारे वारे आजूबाजूचा वायू असा काही ढकलतात की ढगात मोठमोठ्या पोकळ्या पडतात, २०२४ मध्ये जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने काढलेल्या फोटोंत तर त्या कोळ्याच्या जाळ्यातल्या भोकांसारख्या दिसतात. आणि त्या पोकळीच्या कडेला ढकलला गेलेला वायू दाटतो, तिथे परत गोळे. गोळा, पिंजण, गोळा. ज्यांनी हे सुरू केलं त्या ताऱ्यांचं आयुष्य म्हणाल तर अगदी वजनदारांचं जेमतेम तीस-चाळीस लाख वर्षं, सूर्यासारखं हजार कोटींचं निवांत काम नाही. आणि उजेडाला इथे यायलाच २७ लाख लागतात. म्हणजे फोटोत मी ज्यांना कोवळे म्हणतेय त्यातले कितीतरी आत्तापर्यंत आटोपले असणार.

आता कबुली. मी एम ३३ प्रत्यक्ष पाहिलेली नाही. कॉलेजात असताना वांगणीला आकाशदर्शनाला गेलो होतो, रात्रभर थंडीत कुडकुडत. आधी देवयानी, शर्मिष्ठा, ययाति दाखवून झाले आणि त्यांच्या शेजारीच त्रिकोण असतो हे ऐकून सगळे खिदळले, कारण असणारच ना, त्या तिघांच्या शेजारी दुसरं काय असणार. मग दुर्बिणीपाशी रांग. एम ३३ चा उजेड पसरट, फिका, त्यामुळे सांगत होते की सरळ बघू नका, जरा बाजूला बघा म्हणजे दिसेल. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग अंधारात ढ असतो, कडेचा हुशार. मी बाजूला बघितलं, मग जास्त बाजूला बघितलं, मागून कुणीतरी "दिसलं का?" म्हणालं, आणि मी म्हटलं "हो हो, मस्त!" आपण सगळेच म्हणतो. दुर्बिणीच्या रांगेत, आणि "इथून डोंगरात गणपतीचा आकार दिसतो" तिथेही. धूमकेतू शोधणाऱ्या फ्रेंच शार्ल मेस्येने १७६४ मध्ये हिला आपल्या यादीत टाकलं, ती यादीच मुळी धूमकेतू समजून फसायला लावणाऱ्या धूसर ठिपक्यांची, म्हणजे त्याला ती दिसून वर त्रास होत होता. मला एवढं करून काही नाही.

तर परवा ठरवलं. नोव्हेंबरात रात्री १० च्या सुमारास ती जवळजवळ डोक्यावर असते, गादी गच्चीतच होती, पडले उताणी. देवयानी शोधली, मेष शोधली, मधला त्रिकोण अंदाजाने. समोरच्या बिल्डिंगचा नवा बोर्ड जांभळा उजळत होता. मी बाजूला बघितलं. आणखी बाजूला बघितलं. खांद्याखाली गोळा टोचत होता.

आई जिन्यातून वर आली. "काय बघतेस गं एवढं?"

"काही नाही."

"मग उचल ती गादी, दव पडतंय. आणि हे टाके कोणी उसवले?"

मी बाजूला बघितलं.