लातूरचं मेडिकल आणि आजोबांचा शनिवार

कुर्डुवाडी. पहाटेचा अंधार, फलाटावर चहावाल्याची हाक. आजोबा साठच्या दशकात इथंच मोठ्या गाडीतून उतरून बार्शी लाईटमध्ये बसले होते. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी 1911 साली लातूरपर्यंत पोचली आणि पुढे जवळजवळ शतकभर धावली. आता रूळ रुंद झालेत, मुंबईहून रात्री निघालेली लातूर एक्सप्रेस मला सकाळी थेट लातुरात उतरवते. आजोबांना मात्र त्या डुलक्या डब्यात अख्खा दिवस काढावा लागला होता, मांडीवर औषधांच्या काचेच्या मापांची पेटी घेऊन.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागकडचे. पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणत. आजोबांनी मुंबईत फार्मसी केली आणि जिथं ओळखीचं कुत्रं नव्हतं त्या लातुरात दुकान टाकलं. का, हे त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. तिथं औषधाची गरज आहे एवढंच म्हणायचे, आणि मला ते पुरेसं वाटतं.

स्टेशनवरून रिक्षानं गंजगोलाई गाठली. मधोमध ती गोल इमारत, आत जगदंबेचं देऊळ, आणि चहूबाजूंना फुटणारे सोळा रस्ते. त्यातल्या एका रस्त्यावर आजोबांचं मेडिकल होतं. आज तिथं साड्यांचं दुकान आहे. मालकांनी आत बोलावून पाणी दिलं, "कुणाकडं आलाव?" म्हणून विचारलं. आजोबांचं सांगताच शेजारचे दोन म्हातारे दुकानदार उठून आले. "कंपाउंडरसाहेबांची नात?" मग चहा आला, आणि बोलणं थांबेना.

तेव्हा निम्मी औषधं दुकानातच बनत. खलात पूड घोटायची, तराजूवर तोलायची, कागदाच्या पुड्या बांधायच्या. मिक्श्चरच्या बाटलीला खाचा पाडलेली कागदी पट्टी डकवायची; एक खाच म्हणजे एक डोस. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्या पाकिटावर आजोबा सूर्य आणि चंद्र काढून देत. सूर्य म्हणजे सकाळची गोळी, चंद्र म्हणजे रात्रीची. पैसे नसले तर वहीत मांडत. ती वही आजीनं वाचून पाहिली होती. बऱ्याच पानांवरचे पैसे कुणी कधी मागितलेच नव्हते.

शुक्रवारी दिवस मावळला की शब्बाथ, आमचा विसाव्याचा दिवस, सुरू होतो; त्याच्या आत शटर खाली. घरी काचेच्या पेल्यात तेलाचा दिवा लागे, आजीनं भिजत घातलेल्या काळ्या मनुकांचं सरबत गाळलं जाई, त्यावर आजोबा किद्दूश, म्हणजे शब्बाथची प्रार्थना, म्हणत. लातुरात सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनाघर, नाही. योम किप्पूरला, आमच्या मोठ्या उपासाच्या दिवशी, ते पुण्यातल्या सिनेगॉगमध्ये जात, कधी रास्ता पेठेत, कधी डेव्हिड ससून यांनी 1863 साली बांधायला घेतलेल्या लाल देवळात. शनिवारी गोलाईतला मोठा धंदा बुडे, त्याबद्दल त्यांनी कधी हळहळ केलेली कुणी ऐकली नाही.

दुपारच्या एसटीनं औसा, लामजना करत किल्लारीला गेले. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि नजर पोचेल तिथवर सोयाबीन. मला इथं यायचंच होतं.

30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं झोपली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचा मणामणांचा भार. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरं अंगावर आली. जवळपास 10,000 माणसं गेली. आमच्यात त्या दिवशी सुक्कोथचा पहिला दिवस होता. पक्कं घर सोडून पानांच्या मांडवात बसायचा, काम न करण्याचा सण. आजोबांनी उजाडताच दुकान उघडलं. गॉज, बँडेज, सलाईन, धनुर्वाताची इंजेक्शनं, जेवढं होतं तेवढं टेम्पोत भरलं आणि पावसात किल्लारीकडे निघाले.

दोन दिवसांनी शनिवार आला. तरीही शटर वर होतं. आजीनं विचारलं तेव्हा म्हणाले, जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडायचा, हे आपल्याच धर्मात सांगितलंय. मला वाटतं, इतकी वर्षं ज्या श्रद्धेनं त्यांनी शटर खाली ओढलं, त्याच श्रद्धेनं त्या दिवशी वर केलं. पुढच्या शनिवारीही ते उघडंच होतं. जखमी येतच होते.

जुन्या गावाच्या जागेवरून चालत फिरले, स्मारकापाशी थांबले, आईनं शिकवलेलं तेहिल्लीम, म्हणजे स्तोत्र, म्हटलं. कद्दीश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणायला दहा जण लागतात, मी एकटीच होते.

नव्या किल्लारीत थांब्याजवळ एक मामा बसले होते. पायावर लांब व्रण. भिंतीखाली सापडलेला पाय, म्हणाले. लातूरच्या औषधवाल्यांचं नाव काढताच हसले.

"लई कडक माणूस. आठ दिवसांनी परत आले, म्हणले कॅप्सुला दाखव. मोजल्या. दोन जास्त निघाल्या. बरं वाटलालं म्हणून मी सोडल्या व्हत्या. एक तिथंच समोर गिळायला लावली, दुसरी रातच्याला घे म्हणले. आन् जाताना आमच्या मंडळीला सांगून गेले, ह्याच्यावर ध्यान ठेवा."