साफ केलेला आवाज

अमेरिकेतल्या मोंटानात ब्राउनिंगला ब्लॅकफीट कम्युनिटी कॉलेजात मी जुन्या कॅसेट डिजिटल करते आणि संध्याकाळी तिथल्याच ब्लॅकफूट भाषेच्या वर्गात बसते. ब्लॅकफूट बोलणाऱ्या ब्लॅकफीट जमातीच्या कौन्सिलने 1974 साली सनद देऊन काढलेलं हे कॉलेज. पश्चिमेला ग्लेशियर नॅशनल पार्कचे डोंगर, बाकी तिन्ही बाजूंना माळरान आणि वारा. या वाऱ्याचा माझ्या कामाशी थेट संबंध आहे, कारण इथल्या घरात भरलेल्या बहुतेक कॅसेटांवर माणसाच्या मागे खिडकी वाजत असते.

फेब्रुवारीत वर्गातल्या एका मुलाने एक पेन ड्राइव्ह आणला. त्याच्या आजीच्या मामांनी सत्तरच्या दशकात स्वयंपाकघरात बसून सांगितलेल्या गोष्टी. कुटुंबाने पैसे जमवून शहरातल्या एका दुकानातून कॅसेटांचं डिजिटल रूप करून घेतलं होतं. काही गोष्टी बर्फ असेपर्यंतच सांगायच्या, असा इथल्या जुन्या माणसांचा रिवाज आहे, म्हणून त्याला घाई होती. ऐकायला फाइल फार छान. खिडकी नाही, सूं नाही, फक्त आवाज. मुलाने निम्मी गोष्ट लिहूनही काढली होती, पण त्याचं घोडं एका जागी अडलं होतं: कोण कोणाच्या मागे लागलं, तेच कळेना.

इथे थोडं व्याकरण सांगायला हवं. या भाषेत ‘तो’ दोन प्रकारचा. गोष्टीत दोन माणसं आली की एक जवळचा, म्हणजे ज्याची गोष्ट चालली आहे तो, आणि दुसरा लांबचा. जवळच्याच्या नामाला शेवटी ‘वा’ लागतो, लांबच्याच्या नामाला ‘यी’. क्रियापद एवढंच सांगतं की जवळच्याने लांबच्याला काही केलं की उलट झालं. पण मुळात जवळचा कोण, ते त्या शेपटीवरून ठरतं. आणि ही शेपटी मोठ्याने उच्चारायचीच नसते. शेवटचा स्वर कुजबुजल्यासारखा, नुसत्या श्वासाने येतो. आजच्या पुष्कळ बोलणाऱ्यांच्या तोंडून तो पार गळला आहे. (‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा फरकही या भाषेत आहे. इंग्रजीत वाढलेली मुलं त्यावर आठवडे घालवतात, मला तो आयता मिळाला. या श्वासाच्या बाबतीत मात्र मराठीचा काही उपयोग झाला नाही.)

मुलाने आपल्यापुरता निष्कर्ष काढून टाकला होता: मामा-आजोबा नव्या वळणाचं बोलत, शेवट त्यांच्या काळातच गळले होते. वहीत तसं लिहिलंही होतं.

वर्ग घेणाऱ्या बाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. आम्ही सगळे त्यांना आजीच म्हणतो. निवासी शाळांमध्ये पोरांना स्वतःची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा व्हायची त्या काळातल्या त्या. भाषा राहिली ती घरी त्यांच्या आजीने धरून ठेवली म्हणून. त्यांनी हेडफोन लावला, दोनेक मिनिटं ऐकलं आणि काढून ठेवला. म्हणाल्या, “हा माणूस मला माहीत होता. तो असा अर्धवट बोलायचा नाही.”

मी मुलाला विचारलं, मूळ कॅसेट कुठे आहेत? नशिबाने घरी बुटांच्या खोक्यात होत्या. तो लगेच गाडी काढून गेला.

त्या गोष्टीच्या कॅसेटची प्रेशर पॅड निखळली होती. फितीला हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या डोक्यावर, दाबून धरणारा हा नखाएवढा फेल्टचा तुकडा. गोंद सुकला की पडतो, आणि मग वरचे स्वर आधी जातात. मी कवचाचे पाच स्क्रू काढले, दोन्ही रिळं फीत न दुमडता नव्या कवचात बसवली. मग अ‍ॅझिमथ, म्हणजे फितीशी हेडचा कोन. घरच्या रेकॉर्डरचं हेड कधीच अगदी सरळ नसतं. ज्या तिरकेपणाने भरलं त्याच तिरकेपणाने वाजवावं लागतं, म्हणून डेकच्या हेडचा बारीक स्क्रू कानाने फिरवत राहायचं, जोवर ‘स’ धारदार होत नाही तोवर. डॉल्बी, म्हणजे डेकमधली खरखर दाबायची सोय, बंद, कारण भरताना ती नव्हतीच. डिजिटल करताना 96 किलोहर्ट्झ, 24 बिट, म्हणजे बारकावे सुटू नयेत इतकं, आणि कुठलंही फिल्टर नाही. हे सगळं करायला तास-दीड तास लागतो. दुकानं एवढा वेळ देत नाहीत आणि गिऱ्हाइकालाही ते मागायचं असतं हे ठाऊक नसतं.

मग दोन्ही फाइलींचे स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाची चित्रं, खाली-वर लावले. खालच्यात, मूळ कॅसेटमध्ये, शब्द संपल्यावर राखाडी धुकं दिसत होतं, आवाजाच्या पट्ट्या नसलेलं, नुसता श्वास. वरच्यात त्याच जागी काळा चौकोन. दुकानाने वापरलेल्या नॉइज गेटला, म्हणजे हळू आवाज कापून टाकणाऱ्या यंत्रणेला, ठराविक पातळीखालचं सगळं कचरा वाटतं. त्याने खिडकीबरोबर ‘वा’ आणि ‘यी’ही झाडून नेले होते. मोठ्याने बोललेलं तेवढंच ठेवणारी यंत्रं आहेत ही. ती अशा भाषेवर डोळे झाकून चालवणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. उद्या मूळ कॅसेट फेकल्या गेल्या असत्या, तर ही फाइल पुरावा म्हणून उभी राहिली असती की 1970 च्या सुमारास हे शेवट मेले होते.

मुलगा पुन्हा लिहायला बसला. पाठलाग कोण करतंय ते पहिल्या पानावरच सुटलं.

पण काही शब्दांपुढे मूळ कॅसेटवरही काहीच नव्हतं. मी कितीही मोठं करून पाहिलं, तिथे फक्त फितीची खरखर. आजींनी तेच शब्द आमच्यासमोर म्हणून दाखवले. मला काही ऐकू आलं नाही. “ऐकू नको, बघ,” त्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या. शब्द संपला, आवाज थांबला, आणि त्यानंतर त्यांचे ओठ एकदा गोल झाले, मिटले. ‘वा’ होता.

हे काही आमच्या मनाचे खेळ नाहीत. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अल्ट्रासाउंड लावून पाहिलं होतं: ब्लॅकफूट बोलणारी काही माणसं हे स्वर ऐकू आले नाहीत तरी तोंडाने खरोखर करतात. उलेनबेक हे डच पंडित 1910 आणि 1911 साली इथे येऊन राहिले. त्यांनी समोर बसून वहीत उतरवून घेतलेल्या गोष्टींमध्ये असे शेवट छापलेले आहेत. समोर बसलेल्या माणसाला जे मिळतं ते उत्तम मायक्रोफोनलाही मिळत नाही, हे मायक्रोफोनवर पोट असणारी मी म्हणते आहे. आणि तरी अनुदानाच्या अर्जात यंत्रांचा खर्च बिनबोभाट मंजूर होतो, आजींच्या बसण्याचे तास मात्र ‘इतर’ या रकान्यात कोंबावे लागतात. ज्यांनी हे रकाने आखले त्यांनी एकदा त्या खोलीत येऊन बसावं.

आता प्रश्न उरला त्या न ऐकू येणाऱ्या जागांचा. मुलाचं म्हणणं, तिथे शेवट लिहायचाच नाही, कॅसेटवर नाही तर नाही. आजींचं म्हणणं, तो बोलला होता, तुमच्या पेटीला दिसलं नाही एवढंच, लिहा. माझं शिक्षण मुलाच्या बाजूचं आहे. पण गेले कित्येक दिवस मला आजींचं पटत चाललं आहे. कॅसेट हा त्या माणसाच्या बोलण्याचा एक तुकडा आहे, त्याचं सगळं बोलणं नव्हे, आणि त्याला बोलताना पाहिलेलं माणूस अजून हयात आहे. तूर्त ऐकू आलेलं काळ्या शाईत आणि आजींनी सांगितलेलं निळ्या शाईत, असं चाललंय. आजींना ही निळी शाई मान्य नाही. खोक्यातल्या उरलेल्या कॅसेट आम्ही आता कॅमेरा आजींच्या तोंडावर लावून ऐकतो: मामा-आजोबांचं एक वाक्य, मग तेच वाक्य आजींच्या तोंडून. उजेड समोरून हवा, नाहीतर ओठ दिसत नाहीत. काम फार सावकाश चाललं आहे, आणि बर्फ वितळायच्या आत ते संपणार नाही.