पाचातला एक कप

रबाळे एमआयडीसीतील आमच्या छोट्या कॉफी भाजणी कारखान्यात नमुने चाखून कोणता माल घ्यायचा हे ठरवणे, हे माझे काम आहे. नमुना बहुधा कुरिअरने येतो आणि तो पिकवणारा माणूस मला क्वचितच भेटतो. एप्रिलमधल्या त्या दिवशी मात्र चिकमगळूर जिल्ह्यातील एक तरुण शेतकरी स्वतः नमुने घेऊन आला. सहा वर्षे ऐरोलीत सॉफ्टवेअरची नोकरी केल्याने तो मराठी सहज बोलत होता. वडिलांचे गुडघे आता डोंगरउतारावर साथ देत नाहीत, म्हणून जानेवारीत नोकरी सोडून त्याने घरची अठरा एकरांची बाग हाती घेतली होती.

त्याने दोन नमुने आणले होते. पहिला वडिलांच्या पद्धतीचा, म्हणजे फळाची साल काढून, बियांवरचा चिकट गर आंबवून आणि धुऊन वाळवलेला. दुसऱ्यात अख्खे फळच वाळवलेले होते. आपल्या देशात अशी ‘चेरी’ कॉफी पुष्कळ होते, पण पिकली-कच्ची फळे एकत्र ओरबाडून अंगणात वाळवल्यामुळे तिला भाव कमी मिळतो. याने फक्त लालबुंद फळे तोडून घेतली होती. त्यासाठी मजुरांना त्याच झाडाकडे तीन-चार वेळा यावे लागते आणि मजुरी वाढते. शिवाय जमिनीपासून उंच अशा वाळवणीच्या जाळीच्या बेडसाठी त्याने कर्जही काढले होते. हे सगळे त्याने मला आधीच सांगून टाकले. चाखणाऱ्याला ते आधी कळू नये, असे मला मनापासून वाटते.

त्या रात्री मी दोन्ही नमुने हलके भाजून ठेवले. दुसऱ्या दिवशी तो आल्यावर प्रत्येकाचे पाच कप मांडले, कपागणिक सव्वाआठ ग्रॅम कॉफी आणि दीडशे मिलिलिटर पाणी. प्रत्येक कपाची कॉफी वेगळी मोजून वेगळीच दळतात, कारण एखाद-दुसरा सदोष दाणा असला तर तो एकाच कपात सापडतो. चार मिनिटांनी वर तरंगणाऱ्या कॉफीच्या चुऱ्याची साय चमच्याने मोडली. वडिलांची कॉफी स्वच्छ होती, लिंबाच्या सालीसारखी टवटवीत आणि शेवटी गुळाची चव ठेवणारी. भाजताना फिकट राहिलेले काही दाणे, म्हणजे कच्च्या फळांचे ‘क्वेकर’, तेवढे त्यात होते. मुलाच्या कॉफीचे चार कप फारच सुंदर निघाले, पिकल्या फणसाच्या गऱ्यासारखे. पाचव्याला मात्र शिरक्याचा आणि ओल्या गोणपाटाचा वास होता. मी पुन्हा पाच कप मांडले आणि पुन्हा त्यांतला एक तसाच निघाला.

“ताई, हा घ्यायच्या लायकीचा नाही ना?” त्याने स्वतः चाखून विचारले. “आहे तसा नाही,” मी म्हणाले. ते सांगताना मला फार जड गेले. पण पाचही कप बिघडले असते तर दोष पद्धतीत शोधावा लागला असता. एकच बिघडतो, याचा अर्थ चांगल्या मालात कुठला तरी वाईट माल मिसळला आहे. म्हणून मी विचारले, की हा नमुना किती पोत्यांतून काढला? तोडणीच्या नऊ दिवसांची नऊ वेगळ्या थप्प्या होत्या, वाळलेली फळे अजून फोडायची होती आणि प्रत्येक थप्पीचा बेड क्रमांक त्याने वहीत नोंदवायला लावला होता. नमुना मात्र त्याने सगळ्यांतून थोडा थोडा घेतला होता. त्याच्या वहीमुळे तो माल वाचण्याची शक्यता मला तिथे पहिल्यांदा दिसली.

त्याने घरी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. कन्नड मला येत नाही; पण पलीकडचा आवाज बराच वेळ गप्प राहिला, हे कळायला भाषा लागत नव्हती. मग त्याने मला मराठीत सांगितले. जानेवारीत ऐरोलीला लॅपटॉप परत करून कामाचा ताबा द्यायला तो तीन दिवस इकडे आला असताना तिकडे अवकाळी पाऊस आला. अप्पांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, घाईने तीन बेडवरची ओली फळे ज्या-त्या बेडवरच ढीग करून ताडपत्रीखाली झाकली आणि ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तशीच राहिली. झाकलेल्या ओल्या ढिगाला आतून ऊब धरते आणि फळ नको तसे आंबते. मुलगा आधीच नोकरी सोडून येतोय, त्यात ही काळजी कशाला, म्हणून ते बोलले नव्हते. तो एवढेच म्हणाला, “मी तेव्हा इथे होतो.”

धुतलेल्या कॉफीचा सौदा आम्ही त्याच दिवशी केला. मुलाच्या कॉफीच्या नऊ थप्प्यांचे वेगवेगळे नमुने मी मागवले. आठवड्याने आलेल्या नऊ पाकिटांपैकी तीन पाकिटांवर अप्पांनी लाल पेनने फुली मारली होती. मी ती तिन्हीही भाजली. दोन बिघडलेली निघाली. तिसऱ्याचे पाचही कप स्वच्छ होते. पुन्हा मांडले, तरी स्वच्छच. त्याला फोन केला, तेव्हा हे आधी अप्पांना सांगा, असे मी त्याला सांगितले.