बाइकचा कार्ब (कार्बोरेटर) चारदा उघडला, फटाके बरेच कमी झाले (पूर्ण नाही)

मागच्या अपडेटमध्ये लिहिलं होतं की गाडी आता मख्खन चालतेय. ते विसरा. दोन दिवसांत परत फटफट सुरू झाली आणि ह्यावेळी तर दोन वेगवेगळे आवाज.

गाडी तीच, जुनी १०० सीसी बाइक, सिंगल सिलेंडर, साधा स्लाइड कार्ब (पेट्रोल-हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, रेस दिली की त्यातली स्लाइड वर सरकते). आधी माझी चूक सांगतो म्हणजे बाकीच्यांचे रविवार वाचतील. मी दोन्ही आवाजांना सरसकट बॅकफायर म्हणत होतो आणि दोन्हींचा इलाज एकच, कार्ब साफ करणे, असं धरून चाललो होतो. पहिला आवाज थंड इंजिनावर यायचा, रेस दिली की कार्बमधून फस्स करून शिंक दिल्यासारखा, आणि गाडी कधी कधी बंदच. दुसरा आवाज गाडी गरम झाल्यावर, स्पीडमध्ये असताना रेस सोडली की सायलेन्सरमधून तडतड, लवंगी माळ लावल्यासारखी. ह्या दुसऱ्याला खरं तर आफ्टरफायर म्हणतात, कारण न जळलेलं पेट्रोल इंजिनातून बाहेर पडून गरम पाईपमध्ये पेटतं. पहिल्यात आग इनटेककडे, म्हणजे मिश्रण आत येतं त्या बाजूला, उलटी येते. मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) असलं की ते हळू जळतं, इतकं हळू की एक्झॉस्ट स्ट्रोक संपून इनटेक वॉल्व्ह उघडायला लागला तरी आत आग शिल्लक असते, आणि बाहेर उभं असलेलं नवीन मिश्रण तिथेच भडकतं. हे समजल्यावर कुठून आवाज येतो ते कान लावून ऐकायला लागलो. त्याआधी दोनदा कार्ब उगाच उघडला.

उगाच म्हणजे अगदी उगाच पण नाही. स्पार्क प्लग काढून बघितला तर पांढराफटक, म्हणजे लीन तर होतीच. अर्धा चोक ओढून चालवली की शिंका बंद, ही दुसरी खूण. चोक हवा अडवून मिश्रणात पेट्रोल वाढवतो, त्याने गाडी सुधारतेय म्हणजे तिला पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त मिळतेय, एवढं नक्की.

मग मी काय केलं, तर मिक्सचर स्क्रू (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) बाहेर काढत गेलो, दीड फेरा, दोन, तीन. डोक्यात बसलेलं की बाहेर म्हणजे पेट्रोल जास्त. गाडी अजून बिघडली. माझ्या कार्बवर तो स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला आहे म्हणजे तो एअर स्क्रू आहे, तो पेट्रोल नाही तर हवा कंट्रोल करतो, बाहेर काढला की हवा वाढते आणि मिश्रण आणखी लीन होतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर उलटं, तो फ्युएल स्क्रू, बाहेर काढला की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. हे मी आधी कुठेतरी वाचलंही होतं आणि तरी केलं. आता पूर्ण आत बसवून तिथून परत दीड फेरा बाहेर आणून ठेवला, तिथून सेटिंग सुरू. आत फिरवताना बसला की लगेच थांबायचं हां, जोर लावला तर टोक वाकतं आणि सीट पण जाते.

तिसऱ्यांदा उघडला तेव्हा मात्र माल सापडला. पायलट जेट (आयडलला आणि कमी रेसला पेट्रोल सोडणारं बारीक नोझल) दोन्ही वेळा मी वरवर बघून "स्वच्छ आहे" म्हणून परत लावला होता, ह्यावेळी उजेडासमोर धरला तर मेन जेटमधून (तो मोठ्या रेसचा) गोल उजेड दिसतोय आणि पायलटमधून काहीच नाही. त्याचं भोक केसाएवढं असतं, गाडी महिनाभर उभी राहिली की पेट्रोल वाळून डिंकासारखं होतं आणि सगळ्यात आधी तेच बुजतं. रात्रभर कार्ब क्लीनरमध्ये भिजत घातला, मग मऊ वायरमधली एकच तांब्याची तार हलक्या हाताने फिरवली. सुई किंवा स्टीलची तार नको, जेट पितळेचा असतो, भोक मोठं झालं की जेट गेला. आणि नुसता जेट साफ करून भागत नाही, कार्बच्या बॉडीमधले पेट्रोल-हवेचे रस्ते पण स्प्रेने साफ करावे लागतात. स्लाइडच्या खाली इंजिनाच्या बाजूला बारीक छिद्रं आहेत, एअर स्क्रूच्या भोकात स्प्रे मारला की तिथून सरळ धार यायला पाहिजे. माझ्याकडे धार आली ती थेट डोळ्यात. गॉगल घाला रे बाबांनो, पाच मिनिटं डोळे धूत बसलो होतो.

लावली, स्टार्ट केली, शिंका गायब. पण आयडल (रेस न देता इंजिन चालू राहतं तो वेग) विचित्र. रेस सोडली की आरपीएम लगेच खाली येईना, वरच लटकून राही आणि मग सावकाश उतरे. ही कुठून तरी चोरून हवा घेतल्याची खूण. इंजिन थंड असतानाच स्टार्ट करून कार्ब आणि हेडच्या (इंजिनाचा वरचा भाग) मधल्या जॉइंटवर स्प्रे किंचित मारला (गरम इंजिनावर किंवा प्लगच्या जवळ हे करू नका, पेटेल) तर आरपीएम एकदम बदलला. सापडला चोर. चौथ्यांदा उतरवला. फ्लँजवर (कार्बची इंजिनाला बोल्टने बसणारी सपाट बाजू) काचेचा तुकडा ठेवला तर मधे चक्क फट, दोन्ही बोल्ट जीव खाऊन आवळल्यामुळे फ्लँज धनुष्यासारखी वाकलेली. कोणी आवळले? मीच, पहिल्या दोन वेळेला. काचेवर बारीक पॉलिश पेपर चिकटवून आठच्या आकड्यात घासत सपाट केली, अर्धा तास गेला, हात दुखले, पण काम झालं. जॉइंटमधली ओ-रिंग (रबराची रिंग) चपटी झाली होती ती नवीन टाकली. आता बोल्ट थोडा थोडा करून आळीपाळीने आवळतो.

आयडल सरळ झालं. एअर स्क्रू इंजिन पूर्ण गरम करून सेट केला, आरपीएम सगळ्यात जास्त होतो तिथे थांबलो, सव्वा फेऱ्याला आला, मग आयडल खाली घेतलं. प्लग आता फिकट तपकिरी.

पण लवंगी माळ चालूच! निम्मी झाली होती, गेली नव्हती. रेस बंद असताना पायलट सर्किटच काम करतं म्हणून तिथला लीनपणा गेल्यावर एवढा फरक पडला असणार. उरलेल्यासाठी एका मित्राने सांगितलं, सायलेन्सरच्या बेंड पाईपच्या जॉइंटवर साबणाचं पाणी मारून थंड इंजिन चालू कर. फुगेच फुगे. तांब्याचं गॅसकेट चेपून कडक झालेलं आणि एक नट हातानेच फिरत होता. तिथून गॅस बाहेर जातो हे कळत होतं, पण रेस सोडल्यावर तिथूनच बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पाईपमधल्या न जळलेल्या पेट्रोलला ऑक्सिजन मिळतो हे डोक्यात आलं नव्हतं. नवीन गॅसकेट, दोन्ही नट सारखे, एक राऊंड मारून परत आवळले.

आत्ताची परिस्थिती, सपाट रस्त्यावर आवाज शून्य. लांब उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ब्रेकिंग केलं तर एखाददुसरा फट येतो, तेवढं चालतंय मला. टॅपेट (वॉल्व्हची फट) अजून बघितले नाहीत. फ्लोट लेव्हल (कार्बच्या खालच्या वाटीत, म्हणजे बाऊलमध्ये, पेट्रोल किती उंचीला राहतं ते) पण राहिली आहे, ती ड्रेनला पारदर्शक नळी लावून, नळी वर धरून बघणार आहे, परत बाऊल उघडायचा अजिबात मूड नाही. आणि मोठ्या रेसला गाडी किंचित गुदमरल्यासारखी वाटतेय, ते मेन जेटचं की नुसत्या घाण एअर फिल्टरचं, ते पुढच्या रविवारी. आधी फिल्टर.