तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रोनचं किट सोपं असतं का?

नागपुरात प्लास्टिक मॉडेलची सुरुवात करू पाहणारे एक प्रश्न हमखास विचारतात. "ड्रोनमध्ये वैमानिक नाही, कॉकपिट नाही, काच नाही. डब्यात तुकडेही थोडेच. मग पहिलं किट म्हणून प्रिडेटर किंवा रीपरच घ्यावं ना?"

जरूर घ्या, पण तुकड्यांची संख्या पाहून घेऊ नका. वैमानिक नसल्यामुळे जे काम वाचतं ते दुसरीकडे वसूल होतं: एक वजनात आणि दुसरं पृष्ठभागात.

आधी वजन, कारण धड चिकटलं की ते दुरुस्त करता येत नाही. एमक्यू-१ प्रिडेटर, एमक्यू-९ रीपर, हेरॉन, बायरक्तार टीबी-२ या सगळ्यांचं इंजिन मागे आणि प्रोपेलर त्याच्याही मागे. खऱ्या विमानात पुढचा भाग यंत्रांनी भरलेला असतो. किटमध्ये तिथे पोकळी असते, त्यामुळे चाकांवर ठेवलं की मॉडेल सरळ शेपटीवर बसतं. प्रिडेटर आणि रीपरच्या कपाळावर जो फुगवटा दिसतो, त्यात उपग्रहाशी बोलणारी डिश असते. वजन भरायला तीच जागा सर्वांत चांगली, कारण वजन मुख्य चाकांपासून जितकं पुढे तितकं कमी लागतं. चाकांच्या ६० मिमी पुढे ठेवलेला १ ग्रॅम हा ३० मिमीवर ठेवलेल्या २ ग्रॅमइतकं काम करतो.

किती वजन लागेल हे अंदाजाने ठरवू नका. धडाचे दोन्ही अर्धे, पंख, शेपटी, प्रोपेलर सगळं मास्किंग टेपने तात्पुरतं बांधा. मुख्य चाकं जिथे टेकणार, बरोबर त्या जागेखाली आडवी पेन्सिल ठेवा. नाकावर छोटी प्लास्टिकची पुडी चिकटवून तिच्यात छर्रे टाकत जा. नाक खाली गेलं की थांबा आणि त्यावर साधारण पाचवा हिस्सा वाढवा. त्याहून जास्त नको, कारण चाकांचे पाय काडीसारखे बारीक असतात आणि जादा वजनाने महिनाभरात फाकतात.

छर्रे सायकल दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात मिळतात. मागच्या चाकातला पाव इंची छर्रा सुमारे १ ग्रॅमचा, पुढच्या चाकातला ३/१६ इंची ०.४४ ग्रॅमचा. मोजायला याहून सोयीचं काही नाही. गळाला लावायचं शिसं कमी जागेत जास्त वजन देतं, पण ते फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात कधीही बसवू नका. त्या गोंदातल्या आम्लामुळे शिशावर पांढरी भुकटी चढते, ती फुगते आणि काही वर्षांनी जोड आतून उकलतो. अराल्डाइट वापरा, तेही दोन-तीन थरांत. एकदम मोठा गोळा भरला तर घट्ट होताना तो तापतो आणि पातळ प्लास्टिक वाकवतो.

प्रोपेलरबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण ती चूक बऱ्याच चांगल्या मॉडेलवर दिसते. पात्याची फुगीर बाजू नेहमी विमान ज्या दिशेने जातं तिकडे असते. नेहमीच्या विमानात ती बाहेर, आपल्याकडे तोंड करून दिसते. ड्रोनमध्ये प्रोपेलर मागे असल्यामुळे फुगीर बाजू आत, धडाकडे यायला हवी. उलट लावला तर अख्खं विमान उलटं ढकललं जातंय असं जाणकाराला लगेच दिसतं.

पंख लांब आणि अरुंद. रीपरचा खरा विस्तार २० मीटर, म्हणजे १/७२ मापात (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढ्या मॉडेलमध्ये) २८ सेंमी आणि १/४८ मध्ये जवळपास ४२ सेंमी. ग्लोबल हॉक या मोठ्या ड्रोनच्या नंतरच्या आवृत्तीचा विस्तार ३९.९ मीटर आहे, तो १/७२ मध्येही ५५ सेंमी होतो. घरातली काचेची कपाटं मोजूनच माप निवडा. एवढ्या पंखाला किटमधली छोटीशी जीभ पुरत नाही, टोकं हळूहळू खाली येतात. दोन्ही पंखांच्या मुळाशी ०.८ ते १ मिमीचं भोक १५ मिमी खोल पाडा आणि धडातून आरपार एकच पितळी तार घाला. अराल्डाइट सुकेपर्यंत थर्माकोलच्या ठोकळ्यांवर दोन्ही टोकं टेबलापासून सारख्या उंचीवर राहतील असं ठेवा. पंख मुळातच वाकडा आला असेल तर ६०-६५ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात धरा. उकळतं पाणी नको.

आता पृष्ठभाग. इथेच नवशिक्याची खरी परीक्षा होते. लढाऊ विमानात धडाचा वरचा जोड कॉकपिटच्या काचेत अर्धा लपतो, उरलेला छद्मरंगात. रीपर एकाच फिक्या करड्या रंगाचा आणि वरून गुळगुळीत. करड्या रंगात वॉटर पेपरचा प्रत्येक ओरखडा दिसतो. पातळ सिमेंट, म्हणजे प्लास्टिक वितळवून जोडणारा पातळ गोंद, लावून दोन्ही अर्धे असे दाबा की वितळलेलं प्लास्टिक बारीक रेषेने वर येईल. मग किमान एक दिवस हात लावू नका, दोन दिवस थांबलात तर उत्तम. घाई केली तर आत मऊ राहिलेलं प्लास्टिक नंतर आक्रसतं आणि रंग दिल्यावर जोडाची खाच पुन्हा उमटते. पुढे ४००, ६००, १००० असा ओला वॉटर पेपर आणि त्यावर करडा प्रायमर. उरलेल्या फटीत सुपर ग्लू भरला असेल तर तासाभरात घासून घ्या. दुसऱ्या दिवशी तो प्लास्टिकपेक्षा कडक होतो आणि पेपर आजूबाजूचं प्लास्टिकच खातो.

पॅनल लाइनमध्ये, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या कोरीव रेषांत, काळा वॉश (खूप पातळ केलेला रंग) भरण्याचा मोह इथे आवरा. या ड्रोनची कातडी बहुतांश कार्बन फायबरच्या कंपोझिटची असते. रिव्हेटच्या रांगा नसतात, सांधे कमी असतात. मूळ रंगापेक्षा थोडा गडद करडा वॉश पुरे.

आपल्या हवेचं काय? नवतपात पातळ सिमेंट जोडाच्या टोकापर्यंत पोहोचण्याआधीच उडून जातं, म्हणून दोन-तीन सेंमीच्या टप्प्यांत लावा. एअरब्रशच्या टोकावर ॲक्रिलिक सुकतो आणि रंग मॉडेलवर भुकटीसारखा पडतो. सकाळी सहाला रंगवा, रंग हळू सुकवणाऱ्या रिटार्डरचे दोन-चार थेंब घाला. कूलर चालू असलेल्या खोलीत मात्र एअरब्रश अजिबात नको. हवेत दमटपणा येतो आणि गवताचे तंतू ओल्या रंगावर बसतात. पावसाळ्यात लॅकरवर (थिनरने पातळ होणाऱ्या रंगावर) पांढरट धुकं येतं. कोरडा दिवस पाहून थिनरचा हलका फवारा दिला तर ते बहुधा निघतं. लॅकर वापरताना खिडकी उघडी ठेवा, जवळ गॅस पेटलेला नको, आणि सेंद्रिय वाफेचा फिल्टर असलेला मास्क लावा. कापडी मास्क वाफ अडवत नाही. उन्हात उभ्या गाडीत किटचा डबा ठेवला तर पातळ पंख डब्यातच वाकू शकतात.

म्हणून पहिल्यासाठी माझी पसंती १/७२ रीपरला. पंख हाताळता येतात आणि धड घासायला पुरेसं मोठं असतं. दोन शेपटीदांड्यांचं हेरॉन किंवा टीबी-२ दुसऱ्या वेळी घ्या. दांड्या समांतर, शेपटी काटकोनात आणि पंख सरळ हे तिन्ही एकाच वेळी साधावं लागतं, त्यासाठी आलेखाच्या कागदावर वरून आराखडा काढून त्यावरच जोडणी करा.

यालाच जोडून आणखी एक विचारणा होते: रीपर रंगवून आपल्या नौदलाचा सी गार्डियन करता येईल का? भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये ३१ एमक्यू-९बी घेण्याचा करार केला, त्यातले १५ नौदलाचे, म्हणजेच सी गार्डियन. पण ९बीचा विस्तार २४ मीटर आहे. १/७२ मध्ये प्रत्येक पंख रीपरपेक्षा सुमारे २८ मिमी जास्त लांब हवा, शिवाय टोकाला विंगलेट, म्हणजे वर वळलेलं छोटं पान. पंखाचा आराखडाच वेगळा असल्यामुळे नुसता तुकडा जोडून भागत नाही, १ मिमीच्या प्लास्टिक शीटमधून पंख नवे करावे लागतात. रीपरवर भारतीय डिकल (पाण्यात भिजवून लावायची चिन्हं) चिकटवण्याआधी ही मापं जुळवून पाहा.