आमची वाटचाल : फ्लेक्सपासून चादरीच्या ग्राफपर्यंत

सोलापुरातल्या बहुतेक डिझाईनवाल्यांसारखी आमचीही सुरुवात फ्लेक्सने झाली. वाढदिवस, दुकानांची उद्घाटनं, जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आली की शुभेच्छांचे बोर्ड. एक कॉम्प्युटर, कोरल ड्रॉ हे डिझाईनचं सॉफ्टवेअर आणि श्रीलिपीचे मराठी फॉन्ट एवढंच भांडवल. पुढे लग्नपत्रिका, बिलबुकं, मग टॉवेल-चादरींच्या कारखान्यांची लेबलं आणि बॉक्स. हा भाग थोडक्यात आटोपतो, कारण फर्मला आजचं रूप आलं ते आमच्याकडे शिकायला आलेल्या एका मुलीमुळे.

ती सोलापूरच्या पूर्व भागातली, विणकरांच्या वस्तीतली. घरी तेलुगू, बाहेर मराठी, वडील यंत्रमागावर. कॉलेज करून संध्याकाळी यायची. सुरुवातीला तिच्या एकेका बोर्डावर पाच-सहा फॉन्ट, प्रत्येक अक्षराला सावली, रिकामी जागा दिसली की फूल. गिऱ्हाइकांना ते आवडायचंही. पण हात चांगला होता, म्हणून मी तिला नवीन टूल शिकवणं थांबवून नुसती अक्षरं लावायला दिली. देवनागरीत अक्षरांमधलं अंतर ताणलं की शिरोरेषा तुटते. ओळी जवळ आणल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. ‘सिद्धेश्वर’ एवढं एक नाव तिने कितीतरी फॉन्टांत लावून पाहिलं. कुठे ‘द’खाली नीट बसलेला ‘ध’, कुठे ‘द’चा पाय मोडून शेजारी ठेवलेला. त्यानंतर कुठल्याही पाटीसमोर ती थांबायला लागली. नजर तयार होते ती अशी.

पुढचं शिक्षण प्रेसमध्ये झालं. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा कागदावर मळकट उतरतो, कारण स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते आणि प्रेस चार शायांनी. बारीक मजकूर चारही शायांत गेला आणि छपाई केसभर सरकली, तर अक्षराला रंगीत कडा येते, म्हणून तो फक्त काळ्यात. कडेला 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना पांढरी कड राहू नये म्हणून मापाबाहेर वाढवलेला रंग. फोटो छपाईच्या मापाला 300 डीपीआय, म्हणजे इंचाला 300 ठिपके. आता छपाईची प्लेट काढायच्या आधी प्रत्येक फाईल तीच तपासते, माझीसुद्धा.

मग एका कारखानदारांनी जॅकार्ड चादरीसाठी, म्हणजे विणतानाच नक्षी उमटते त्या चादरीसाठी, मोर मागितला. तिने कोरलमध्ये फार देखणा काढला, मानेला लांब वळण, पिसाऱ्यात बारीक रेघा. तिच्या वडिलांनी तो पाहिला आणि ग्राफ पेपर पुढे ठेवला. ग्राफचा एक चौकोन म्हणजे उभ्या-आडव्या धाग्याची एक भेट, तेव्हा गोलाई येणार ती पायऱ्यापायऱ्यांनीच. रंगाचा धागा फार लांब मोकळा सोडला तर वापरताना अडकून ओढला जातो, म्हणून पिसाऱ्यातले मोठे सपाट भागही मध्येमध्ये बांधावे लागले. रेघा गेल्या, मान जाड झाली, डोळा मोजक्या चौकोनांत बसला. मोर मात्र आधीपेक्षा ताठ दिसायला लागला. ‘आता हा लूमवर चढेल बघ,’ वडील म्हणाले. त्या चादरीचा पहिला नग आम्ही दुकानात लावलाय. घडी घालायला माझं मन होत नाही.

आज ती फर्मची भागीदार आहे. फ्लेक्सची कामं आम्ही कमी केली, लेबल-बॉक्स आणि नक्षीकामावरच घर चालतं. संध्याकाळची बॅचही तीच घेते, आणि मुलांना कॉम्प्युटरआधी ग्राफ पेपर देते. सध्या टॉवेलच्या काठावर देवनागरी नावं विणायचं काम हातात आहे. टॉवेलच्या फंद्यांत बारीक रेघ बुडते, त्यामुळे ‘प्र’ आणि ‘त्र’मधली तिरकी रेघ किती चौकोन जाड ठेवायची, यावर तिचे नमुने चालू आहेत.